डाव्या पापणीतली फट

मी तसबीर बोलतेय. आणि पहिल्यांदा एवढं सांगून टाकते, की मी झोपलेली नाही.

मला पाहायला येणारे लोक पाय न वाजवता येतात. एकमेकांच्या कानाला लागून बोलतात. पोरं दंगा करू लागली तर आया डोळे वटारतात. समोर निळ्या रेशमी झग्यातली एक तरुण मुलगी कोचावर रेललेली, एक हात डोक्याखाली, दुसरा खाली लोंबणारा, ओठ जरासे विलग, डोळे मिटलेले. काय गाढ झोप लागली आहे पोरीला, असं म्हणत सगळे पुढच्या दालनात जातात.

येत्या सोमवारी माझी डागडुजी सुरू होणार आहे. माझ्या डाव्या पापणीत केसाएवढी एक फट आहे. ती बुजवायचं ठरलं आहे. ती बुजली की मला काही दिसणार नाही, आणि जे घडलं त्याची तेवढी एकच खूण उरली आहे. म्हणून आज बोलायला बसले.

माझा जन्म ग्रनोबलचा. डोंगरांच्या पायथ्याचं, हातमोजे शिवणाऱ्यांचं गाव. त्यातल्याच एका बऱ्यापैकी व्यापाऱ्याच्या घरी मला रंगवलं. घरात आई नव्हती. कारभार बघायची व्यापाऱ्याची विधवा बहीण, उर्स्यूल आत्या. भावाने कामगारांना दरडावावं आणि आत्याने भावाला, अशी घराची रीत. मुलीचं नाव पेर्नेत. लियोंच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याचं स्थळ तिला चालून आलं होतं. मुलगी गाडीत घालून परगावी दाखवायला न्यायची नसते. आधी तसबीर जाते, ती पसंत पडली की बोलणी होतात. म्हणून मी.

माझ्या अंगात निम्म्याहून अधिक सफेदा आहे. तो कसा करतात ठाऊक आहे? शिशाचे पातळ पत्रे व्हिनेगारच्या मडक्यांवर ठेवायचे, भोवती घोड्याची लीद रचायची आणि कोठीचं दार लावून घ्यायचं. लिदीची ऊब आणि व्हिनेगारची वाफ लागून शिसं आतल्या आत कुजतं, त्यावर पांढरी खपली धरते. ती खरवडून वाटली की झाला सफेदा. त्याच्यासारखा पांढरा दुसरा नाही. गालावर दिला की कातडीखाली दिवा लावल्यासारखं दिसतं. हा रंग विषारी आहे हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. मी त्याचीच तर बनले आहे.

चित्रकार व्हियोने याला तो पुरेपूर ठाऊक असायला हवा होता. पण कुंचल्याला टोक काढायला तो कुंचला जिभेवर फिरवायचा. वर्षानुवर्षांची खोड. मधूनच पोट धरून खाली बसायचा आणि कण्हायचा, मग म्हणायचा, "कालचं चीज बाधलं वाटतं." त्याचं उजवं मनगट अधूनमधून लुळं पडायचं आणि कुंचला जमिनीवर गळायचा. तो उचलायचा, पुसायचा, पुन्हा चाटायचा.

"हसू नका बाईसाहेब, ओठ हलतात," तो म्हणायचा.

"मी कुठे हसते? तुम्ही जीभ पांढरी करून बसलात, ते बघवत नाही."

"सरळ माझ्याकडे बघा."

"बघतेच आहे. तुमच्या केसांच्या टोपावर माशी बसली आहे. तिलाही घेणार का चित्रात?"

व्हियोने चिडला, मग हसला, आणि त्या हसण्याच्या भरात त्याने डोळे काढले. तपकिरी डोळे, कोपऱ्यात उजेडाचा एक ठिपका, आणि कुणाची तरी खोडी काढायच्या बेतात असलेली नजर. त्याच्या हातून तसे डोळे आधी कधी उतरले नसावेत. मला पहिल्यांदा दिसू लागलं. समोर पेर्नेत होती. नाकावर बारीक तीळ, उन्हाने रापलेले गाल, मानेवर सुटलेले केस. ती उठून जवळ आली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर माझ्यावरच हसते आहे!" मग तिने मला जीभ काढून दाखवली.

ज्या चेहऱ्यावरून मी घडले तो मी तेव्हाच काय तो पाहिला.

कारण संध्याकाळी उर्स्यूल आत्या आली. बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली आणि नाक मुरडून म्हणाली, "हे काय काढून ठेवलंय?"

"का बाई? साम्य नाही?"

"साम्य आहे तेच नडतंय. हे डोळे बघून मुलाकडची माणसं काय म्हणतील? घरात पाऊल टाकण्याआधीच सासूची झडती घ्यायला आल्यासारखी बघते आहे."

"आत्या, मी अशीच बघते."

"म्हणूनच सांगते. व्हियोने, मिटवा ते डोळे."

व्हियोनेने थोडे आढेवेढे घेतले. मग त्याला आठवलं की पॅरिसमध्ये सध्या झोपलेल्या मुलींच्याच तसबिरींना मागणी आहे, आणि तो एकदम राजी झाला.

पेर्नेत म्हणाली, "म्हणजे मला डोळे आहेत हे नवऱ्याला कळणार कधी?"

"लग्नानंतर कळतीलच," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणारा कुंचला मी पाहिला. त्यावर सफेदा होता, त्यात चिमूटभर लाल. आधी उजवा डोळा गेला, मग डावा. त्यानंतर मी फक्त ऐकलं.

पेर्नेत समोरच्या कोचावर झोपेचं सोंग घेऊन पडायची आणि डोळे मिटून गप्पा मारायची. कोणत्या पाद्रीबुवांना प्रवचनात शिंका येतात, कोणता शिंपी बायकोला घाबरून दुकानातच झोपतो. व्हियोने हसून हसून बेजार व्हायचा. तेव्हा हे लक्षात ठेवा, मी झोपेची तसबीर नाही. मी सोंगाची तसबीर आहे.

लियोंला मला व्हियोने स्वतः घेऊन गेला. मोठ्या दिवाणखान्यात, एका लांब कोचाच्या वर मला टांगलं. नवरदेवाचं नाव शाव्हान. त्याचा आवाज मऊ होता. नोकरांवरसुद्धा तो कधी ओरडला नाही, हे मी त्या घरात राहून सांगते. तो एकटाच माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. त्याचा श्वास मला जवळून ऐकू यायचा.

"किती शांत," तो म्हणायचा. "किती शांत आहे ही."

घाटातली वाट मोकळी झाल्यावर लग्न झालं. जेवणावळ माझ्याच दिवाणखान्यात. माशांचे वडे, अक्रोडाचं मद्य, ताटांचा खणखणाट. तेवढ्यात नवऱ्याकडची कोणीतरी बाई मोठ्याने म्हणाली, "अहो, ही तर तसबिरीपेक्षा सावळी निघाली की!"

सगळे हसले. पेर्नेतही हसली आणि म्हणाली, "तसबिरीला उन्हात फिरायला नेत नाहीत ना, मावशी."

त्यात शाव्हानचं हसू नव्हतं. त्याने लग्नाला आलेल्या व्हियोनेला विचारलं, "तुम्ही तिच्या गालांना काय लावलंत?"

"एवढंच ना साहेब?" दोन पेले चढवलेला व्हियोने म्हणाला. "सोपं आहे. जो सफेदा त्या गालांवर आहे तोच या गालांवर लावा. मी एक बरणी ठेवून जातो, हवं तेव्हा आणखी पाठवीन. चेहरा कसा रंगवायचा ते आम्हाला विचारावं!"

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तेव्हा शहरातली झाडून सगळी बायकामंडळी सफेदा फासायची. अत्तरवाल्यांकडे तो लोण्यात कालवून, गुलाबाचा वास घालून डबीत मिळायचा. ज्या बाईचा चेहरा जसाच्या तसा दिसेल तिची पैपाहुण्यांत चर्चा व्हायची. मला मात्र ते खटकलं. व्हियोनेचं कण्हणं मी ऐकलेलं होतं.

मग रविवारचा खेळ सुरू झाला.

प्रार्थना आटोपून, जेवणं उरकून पाहुणे दिवाणखान्यात जमायचे. पेर्नेत माझ्यासारखाच निळा झगा घालून माझ्या खालच्या कोचावर रेलायची, एक हात डोक्याखाली, दुसरा लोंबता, डोळे मिटलेले. वर मी, खाली ती. पाहुण्यांनी तिला हात न लावता हसवायचं. जो हसवेल त्याला साखरेत घोळलेल्या बदामांची चांदीची डबी. कोणी मांजराच्या आवाजात गायचं, कोणी बिशपसाहेबांची नक्कल करायचं, कोणी तिच्या नाकाजवळ पीस हलवायचं. सुरुवातीला ती पटकन हसायची. मला तिचं हसू खालून येताना कळायचं, आधी नाकातून थोडं, मग फुटायचं ते एकदम. तिलाही मजा वाटायची. ती त्या घरात नवी होती, लोक खूश होते.

पाहुणे गेले की शाव्हान मऊ आवाजात म्हणायचा, "आज फार लवकर हसलीस."

"अहो, तो जाडा गृहस्थ कोंबडी झाला होता. मी काय करू?"

"हसलीस की सफेदा तडकतो. गालावर रेघा येतात. वर बघ. तिच्या गालावर आहे एक तरी रेघ?"

घरात बेनुआत नावाची मोलकरीण होती, रोन नदीपलीकडच्या खेड्यातली. पेर्नेतची सकाळची रंगरंगोटी तिच्याकडे. पहिलं वर्ष सरलं तशी ती आरशासमोर कुरकुरू लागली. आरसा माझ्या शेजारच्याच भिंतीला होता, त्यामुळे सगळं कानी पडायचं.

"बाईसाहेब, खालची कातडी करडी पडत चालली आहे. दोन दिवस काही लावू नका."

"करडी दिसते म्हणूनच तर लावायचं, बेनुआत. नाहीतर साहेब विचारतील, हे काय."

"मग आज जाड थर देऊ?"

"दे."

एकदा बेनुआतने बरणी बाजूला ठेवून गव्हाच्या सत्त्वाची पूड लावली. पेर्नेत दिवसभर गुणगुणत होती. रविवारी शाव्हान माझ्याजवळ आला. त्याने बोट माझ्या गालावरून फिरवलं. मग खाली वाकून तिच्या गालावरून.

"सारखे नाहीत," तो म्हणाला.

तो रागावला नाही. बेनुआतला बोलावून त्याने इतकंच सांगितलं, की पुन्हा असं झालं तर तिची पेटी गाडीत चढवली जाईल आणि शहरातल्या कुठल्याही घरी तिला काम मिळणार नाही. बेनुआतची म्हातारी आई तिच्याच जिवावर जगत होती. दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

त्यानंतरचं मी ऐकलं ते असं. आधी पेर्नेतची पावलं मंदावली. मग जिन्यावर मध्येच थांबू लागली. मग एका सकाळी आरशासमोर ती पोट धरून खाली बसली आणि कण्हली, आणि ते कण्हणं मी ओळखलं. अगदी तेच. पुढे काही दिवसांनी तिच्या हातून कॉफीचा पेला निसटून फुटला. ती म्हणाली, "काय झालंय या हाताला? उचललाच जात नाही." ग्रनोबलच्या त्या खोलीत असाच कुंचला पडायचा.

डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, नसा नाजूक असल्याचं सांगितलं, रक्त काढलं आणि विश्रांती घ्यायला लावली. शाव्हानला ते मनापासून पटलं. "पडून राहा," तो म्हणाला. "तुला पडून राहणं शोभतं."

ती पडून राहू लागली. दुपारी घर शांत असताना खालच्या कोचावरून माझ्याशी बोलायची.

"काय ग, तू बरी आहेस. तुला कोणी हसवायला येत नाही."

कधी म्हणायची, "मी तुझ्यासारखी दिसायला लागले आहे म्हणतात. तू आधी माझ्यासारखी होतीस, आठवतं ना?"

आणि एकदा, अगदी हळू, "तुझे डोळे आत आहेत, मला ठाऊक आहे. उघडू नकोस हं एवढ्यात. मी इथून गेले की उघड."

म्हणजे ती जायचं ठरवत होती. मी त्या शब्दावर दिवस काढले. आत्याला निरोप गेला होता. आत्या आली की पेर्नेत घरी जाईल, डोंगरातल्या उन्हात बसेल, गाल पुन्हा रापतील. माझा जीव टांगणीला लागला होता.

आत्या आली ती थंडीच्या तोंडावर. दिवाणखान्यात पाऊल टाकताच म्हणाली, "वा ग वा! केवढं हे घर! आणि काय ही गोरी झालीस! ओळखू येईना."

"आत्या, मला घरी घेऊन चल."

"माहेरपणाला?"

"कायमची."

"वेड लागलंय का तुला? मारतो का तो?"

"नाही."

"उपाशी ठेवतो?"

"नाही. बदाम देतो."

"मग बाहेर कुणी बाई आहे?"

"बाहेर कशाला जाईल, आत्या? त्याची ती इथे भिंतीवर आहे."

आत्या खो खो हसली. "स्वतःच्याच तसबिरीवर जळणारी तू पहिलीच! अगं, लोकांच्या पोरी भांडी घासून मरतात. तुला नुसतं पडून राहायचंय, तेवढंही जमेना? सुख टोचतंय दुसरं काय."

"माझ्या पोटात दुखतं. हात उचलत नाही."

"दिवस गेले असतील."

"नाही गेले ग."

आत्या जराशी घुटमळली. तिच्या झग्याची सळसळ थांबली, त्यावरून मला कळलं. मग म्हणाली, "बरं, आता घाटात बर्फ पडतंय. वसंतात येते, रस्ते सुकले की. तेव्हा बघू. तोवर जरा गुण्यागोविंदाने राहा. आणि असं एकटक बघत जाऊ नकोस माणसाकडे."

 आत्याची गाडी अंगणातून निघाली, फाटक बंद झालं, आणि खालचा कोच करकरला. पेर्नेत पुन्हा आडवी झाली होती.

त्यापुढच्या कुठल्यातरी रविवारी पाहुणे नेहमीसारखे आले. थंडी होती, शेकोटीत लाकडं तडतडत होती. बेनुआतने धरून आणून पेर्नेतला कोचावर टेकवलं. तिचा हात डोक्याखाली कोणीतरी उचलून ठेवावा लागला. खेळ सुरू झाला. मांजरवाले झाले, बिशपसाहेब झाले. मी खालचा श्वास ऐकत होते. तो आत जायचा, थांबायचा, अडखळत बाहेर यायचा. कोंबडीवाला जाडा गृहस्थ उठला आणि दिवाणखाना हसू लागला. त्या हशात मला श्वास ऐकू येईना. मला वाटलं, हशामुळे. हशा ओसरला. तरीही ऐकू येईना.

मी ओरडले. तसबीर ओरडते तशी ओरडले, म्हणजे कोणालाच काही कळलं नाही.

"आज काही दाद देत नाही बुवा!"

"पीस आणा, पीस!"

"अहो, पापणीसुद्धा हलली नाही. कमाल आहे!"

ते बदाम खात होते. मला दातांखाली साखर फुटल्याचा आवाज येत होता. एकामागून एक उठत होते, आपापल्या नकला करत होते आणि हरून बसत होते. शेवटी कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. शाव्हान पुढे आला.  मी इतक्या वर्षांत त्याला इतका सुखी ऐकलं नव्हतं.

"आज जमलं," तो म्हणाला. "आज अगदी तसबीर."

बक्षीस म्हणून त्याने बदामांची डबी तिच्या पोटावर ठेवली. पाहुण्यांनी डगले चढवले, हसत हसत जिना उतरले. डबी घसरली, बदाम जमिनीवर गडगडले. ते गोळा करायला बेनुआत वाकली आणि, पुढे ती सांगायची तसं, तिचा हात पेर्नेतच्या लोंबत्या हाताला लागला.

तिची किंकाळी सगळ्या घराने ऐकली.

रस्ते सुकल्यावर आत्या ठरल्याप्रमाणे आली. सोबत व्हियोने होता. त्याच्या चालण्यावरून मला तो म्हाताराच वाटला, खरं तर त्याचं वय काही फार नव्हतं. आत्या बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "जावईबापू, ही तसबीर मला द्या."

"ती नाही देता येणार," शाव्हान मऊपणे म्हणाला. "तेवढीच तर उरली आहे माझ्याजवळ."

"बरं. मग एक सांगा. तिचे डोळे कुठल्या रंगाचे होते?"

शाव्हानची पावलं माझ्याजवळ आली. 

"हा काय प्रश्न झाला?" तो म्हणाला. "निळे."

बेनुआत दाराशी उभी होती. तिला हुंदका आवरला नाही.

आत्या म्हणाली, "व्हियोने, सुरी काढ."

"बाई, माझा हात आता माझं ऐकत नाही."

"दुसऱ्या हाताने धर त्याला. मी मिटवायला सांगितले होते, मीच उघडायला सांगते आहे. काढ सुरी."

मला खाली उतरवून टेबलावर टेकवलं. टर्पेंटाइनचा वास आला. मग डाव्या पापणीवर सुरीचं पातं, हलकं, खरखर करत. आत्या एका बाजूने माझी चौकट धरून उभी होती. शाव्हान म्हणत होता, "थांबा, तुम्ही ती खराब करताय, थांबा." कोणी थांबलं नाही. सफेदा भुगा होऊन पडत राहिला. आणि मग एक रेघभर उजेड आत आला.

पहिल्यांदा पातं दिसलं. मग व्हियोनेचा करडा चेहरा, त्याच्या हिरड्यांवर शिशाची एक निळसर रेघ. मग आत्या, जिला मी मोठी धिप्पाड बाई समजत होते आणि जी ठेंगणी निघाली. तिच्या मागे कोच, रिकामा. आणि शाव्हान. इतकी वर्षं अंधारात मी त्याचं काय काय रूप कल्पिलं होतं. तो गोल चेहऱ्याचा, नीटनेटका, भरतकाम केलेली बंडी घातलेला भला दिसणारा माणूस होता. बाजारात भेटला तर तुम्ही त्याला रस्ता विचाराल.

"तपकिरी," आत्या म्हणाली. "नीट बघा, जावईबापू. निळा झगा होता. डोळे तपकिरी. लग्न झालं त्या दिवशीही होते, दोन."

शाव्हान माझ्याकडे बघत एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक.

तेवढ्यात व्हियोनेचं मनगट लुळं पडलं आणि सुरी खाली गेली. त्याने पुन्हा उचलून पाहिली, पण बोटं वळेनात. तो खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला. "ती बरणी मी दिली, बाई," तो म्हणत होता. "ती बरणी मी दिली." एवढं बोलताना तो स्वतःचा हात बघत होता. त्याला तेव्हा कळलं असावं.

"घेऊन जा ही," शाव्हान म्हणाला. "हिला इथून घेऊन जा."

अशी मी ग्रनोबलला परत आले. आत्याने मला खिडकीसमोर टांगलं, उन्हात. लोक म्हणाले, रंग उडेल. ती म्हणाली, "उडू दे." रोज सकाळी ती समोर खुर्ची टाकून बसायची आणि विचारायची, "दिसतं का ग?" त्या फटीतून मी तिच्याकडे एकटक बघायची. तिने कधी नजर वळवली नाही, आणि मी तिला कधी माफ केलं की नाही, ते मलाच ठाऊक नाही. ती गेली. पुढे घरं बदलली, राज्यं बदलली, माझ्यावर धूर बसला, रोगण पिवळं पडलं. शेवटी फिरत फिरत मी पुन्हा लियोंला आले, या संग्रहालयात.

इथे सोलेन नावाची मुलगी तसबिरींची डागडुजी करते. चांगली आहे. काम करताना गुणगुणते. तिने माझ्या आत बघायचं यंत्र लावलं आणि दुसऱ्या दिवशी धावत संग्रहालयाच्या साहेबांना घेऊन आली.

"सर, पापण्यांखाली डोळे आहेत. पूर्ण काढलेले. हसरे आहेत, सर!"

"असतील. चित्रकाराने बेत बदलला असेल."

"आणि ही खरवड कुणीतरी मुद्दाम केली आहे. हिला निदान तशीच राहू द्यावी का?"

"सोलेन, फलकांवर, पेल्यांवर, पोरांच्या वह्यांवर सगळीकडे ही झोपलेलीच आहे. लोक झोपलेली बघायला येतात. ती इजा आहे, भरून टाक. सोमवारपासून घे."

तो मऊ आवाजात बोलतो. चांगला माणूस आहे, सगळे म्हणतात.

"बरं, सर," सोलेन म्हणाली.

दालनाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तिने रंग मांडून ठेवले आहेत. आताच्या सफेद्यात शिसं नसतं म्हणे. तेवढी सुधारणा झाली आहे. बाकी काही फार बदललेलं मला दिसत नाही, आणि सोमवारपासून तर काहीच दिसणार नाही.

म्हणून सोमवारच्या आत कधी आलात तर डाव्या पापणीखाली बघा. तपकिरी आहे. तेवढं लक्षात ठेवा, कुणी विचारलं तर सांगता यायला हवं. आणि मग माझ्यासमोर कुजबुजू नका. मोठ्याने बोला, पोरांना दंगा करू द्या, मला हसवून बघा. आणि एवढं करून खाली कोचावर कोणी निपचित पडलेलं दिसलं, तर टाळ्या वाजवू नका. हातातले बदाम खाली ठेवा, जवळ जा, आणि तिचा हात हातात घेऊन बघा.